'कॉमन टाइम'चे सामान्यत्व : पाश्चात्त्य संगीतातील चार ठोक्यांच्या कालचिन्हाची समीक्षा

सारांश

पाश्चात्त्य संगीताच्या लिपीत ४/४ हे कालचिन्ह इतके रूढ आहे की त्याला 'कॉमन टाइम' असेच नाव मिळाले. या नावामुळे चार ठोक्यांची रचना ही नैसर्गिक, तटस्थ आणि म्हणून समीक्षेला काही विचारण्याजोगे न ठेवणारी गोष्ट आहे, असा समज होतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. चिन्हाचा इतिहास, बाख, बीथोव्हेन आणि बार्टोक यांच्या रचना, विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीत आणि मराठीतील संगीतविषयक परिभाषा यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, चार हा आकडा रचनेचे वर्णन करीत नाही; तो केवळ एक अपेक्षा निर्माण करतो. त्या अपेक्षेचे रचनाकार काय करतो, हा समीक्षेचा खरा विषय होय.

बीजशब्द : कालचिन्ह, कॉमन टाइम, ठोका, बार, आघात, ताल, परिभाषा

१. प्रास्ताविक

स्टाफ नोटेशनमध्ये लिहिलेल्या कोणत्याही रचनेच्या आरंभी, कीचिन्हानंतर, एकावर एक असे दोन अंक लिहिलेले असतात. वरचा अंक एका बारमध्ये किती ठोके आहेत ते सांगतो, तर खालचा अंक कोणते स्वरमूल्य एक ठोका म्हणून धरायचे ते सांगतो. ४/४ याचा अर्थ, प्रत्येक बारमध्ये चार ठोके आणि प्रत्येक ठोका एका क्रोचेटचा, म्हणजे पूर्ण स्वराच्या चौथ्या हिश्श्याचा. या दोन अंकांऐवजी अनेकदा इंग्रजी 'सी' अक्षरासारखे एकच चिन्ह लिहितात. संगीताची प्राथमिक पुस्तके पहिला ठोका सबल, दुसरा दुर्बल, तिसरा मध्यम आणि चौथा दुर्बल असे सांगून पुढच्या धड्याकडे वळतात.

समीक्षेचीही बहुधा हीच गत होते. पाच किंवा सात ठोक्यांची रचना असेल तर समीक्षक थांबून तिची दखल घेतो. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीतील (१८९३) ५/४ मधला दुसरा भाग किंवा डेव्ह ब्रुबेक चतुष्टयाने १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली, पॉल डेझमंडची 'टेक फाइव्ह' ही रचना यांविषयी बोलताना कालचिन्हाचा उल्लेख हमखास येतो. ४/४ मधील रचनेविषयी बोलताना मात्र तो येत नाही. जे सर्वत्र आहे ते दिसेनासे होते. असे दिसेनासे होणे हे निरुपद्रवी नाही. त्यामुळे रचनांच्या अर्थाचीच हानी होते, हे पुढील विवेचनातून दाखवावयाचे आहे.

२. तुटलेले वर्तुळ

कॉमन टाइमचे चिन्ह हे 'कॉमन' या शब्दाचे आद्याक्षर आहे, असा समज संगीताच्या विद्यार्थ्यांत व्यापक आहे. तो चुकीचा आहे. ते चिन्ह अक्षर नसून अपूर्ण वर्तुळ आहे आणि त्याचे मूळ मध्ययुगीन युरोपच्या लिपीत आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोनच्या फ्रँकोने स्वरमूल्ये लिहिण्याची जी पद्धती मांडली तिच्यात तीन भागांत विभागलेले मूल्य 'परिपूर्ण' मानले होते. या परिपूर्णतेचा संबंध त्याने ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याच्या कल्पनेशी जोडला. दोन भागांची विभागणी त्या व्यवस्थेत दुय्यम होती. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये फिलिप द व्हित्री आणि योहानेस द म्यूरिस यांच्या नावांशी निगडित असलेली 'आर्स नोव्हा' ही नवी विचारसरणी पुढे आली आणि तिने दोनच्या विभागणीला तीनच्या बरोबरीचे स्थान दिले. जुन्या पक्षाने याला विरोध केला. लिएजच्या जाकने आपल्या 'स्पेक्युलम म्युझिके' या प्रचंड ग्रंथात प्राचीनांची बाजू हिरिरीने मांडली.

याच घडामोडींतून विभागणी दर्शविणारी चिन्हे रूढ झाली. ब्रीव्ह या स्वरमूल्याचे तीन भाग करायचे असतील तर पूर्ण वर्तुळ आणि दोन करायचे असतील तर उजवीकडे उघडे असलेले अपूर्ण वर्तुळ. त्याखालच्या पातळीवर, म्हणजे सेमिब्रीव्हचे, तीन भाग करायचे असतील तर वर्तुळात टिंब द्यायचे. टिंब नसेल तर दोन. अर्थात टिंब नसलेले अपूर्ण वर्तुळ म्हणजे दोन्ही पातळ्यांवर दोनची विभागणी. दोनाचे दोन, असे एकूण चार. त्या चिन्हातून उभी रेघ ओढली की मूल्ये निम्मी होत. तेच आजचे 'आला ब्रेव्हे'. सतराव्या शतकापर्यंत उरलेली चिन्हे हळूहळू मागे पडली, त्यांची जागा अंकांनी घेतली, नियमित दंडरेषा आल्या. परंतु हे तुटलेले वर्तुळ टिकून राहिले.

या इतिहासातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, आज जे सर्वसामान्य म्हणून ओळखले जाते ते एकेकाळी नावानेच 'अपूर्ण' होते. परिपूर्णतेचा मान तीनकडे होता. त्यामुळे चारचे अग्रस्थान अनादी आहे, असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मूळ चिन्ह केवळ विभागणी सांगत होते, आघात सांगत नव्हते. सबल-दुर्बलांची उतरंड दंडरेषांबरोबर आणि सुसंवादाच्या नव्या व्यवस्थेबरोबर दृढ झाली. अठराव्या शतकातही या चिन्हाचा अर्थ एकच नव्हता. बाखचा शिष्य योहान फिलिप किर्नबेर्गर याने १७७१ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मोठा आणि छोटा असे चार-चारचे दोन प्रकार सांगितले आहेत. मोठा प्रकार भारदस्त गतीचा, चर्चमधील वृंदगान व फ्यूग यांना साजेसा; छोटा अधिक चपळ. म्हणजे आकडे तेच, पण वजन निराळे.

३. चार म्हणजे दोनदा दोन : बाखचा एक प्रिल्यूड

आघाताची उतरंड कोठून येते, हे पाहण्यासाठी बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर'च्या पहिल्या खंडातील (१७२२) सी मेजरमधला पहिला प्रिल्यूड उपयुक्त ठरतो. रचना ३५ बारची आहे. शेवटचे काही बार सोडले तर प्रत्येक बारमध्ये आठ स्वरांची एक आकृती येते आणि लगेच तशीच्या तशी पुन्हा येते. बारचा दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्याची हुबेहूब प्रत असतो.

मग पहिला ठोका पहिला आहे आणि तिसरा तिसरा आहे, हे श्रोत्याला कसे कळते? येथे ढोल नाही, शब्द नाहीत, आणि बाख ज्या वाद्यांसाठी लिहीत होता त्यांपैकी हार्पसिकॉर्डवर एखादा स्वर जोराने वाजवून उठावही देता येत नाही. आकृतीकडेच पाहिले तर ही रचना दोन ठोक्यांच्या बारची आहे, असेही म्हणता आले असते. फरक करतो तो सुसंवाद. स्वरसंघात बदलतो तो दर चार ठोक्यांनी. पुनरावृत्तीच्या वेळी तो बदलत नाही. पहिला ठोका 'सबल' वाटतो, कारण तेथे काहीतरी नवे घडते. तिसरा 'मध्यम' वाटतो, कारण तेथे तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते.

पाठ्यपुस्तकातील सबल-दुर्बल-मध्यम-दुर्बल हे सूत्र येथे खरे ठरते. पण ते चिन्हामुळे खरे ठरत नाही. बाखने प्रत्येक बारमध्ये ते नव्याने घडविले आहे. वाजवणाऱ्याने पहिल्या ठोक्यावर बोट दाबून उठाव दिला तर त्याने रचनेला मदत केली असे होत नाही, उलट रचनेने आधीच केलेले काम तो दुसऱ्यांदा आणि ओबडधोबडपणे करतो.

४. दंडरेषा ओलांडणारा 'सर्व' : बीथोव्हेन

बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या (१८२४) अखेरच्या भागातील 'आनंदगीता'ची धून हे चार ठोक्यांच्या सर्वाधिक परिचित उदाहरणांपैकी एक. १९७२ मध्ये युरोपीय परिषदेने आणि १९८५ मध्ये युरोपीय समुदायाच्या नेत्यांनी ती आपले गीत म्हणून स्वीकारली. ती प्रथम केवळ चेलो आणि डबल बास यांवर, कोणत्याही साथीविना येते. तिची चौकट अत्यंत साधी आहे : चार-चार बारची चार चरणे, पहिले, दुसरे आणि चौथे जवळपास सारखे, तिसरे निराळे. बहुतेक स्वर एका ठोक्याचे आणि एकमेकांलगतचे. पहिल्या दोन चरणांच्या शेवटी एक लांब स्वर येतो आणि श्वासाला जागा मिळते. सामान्यत्वाचा आदर्श म्हणावा अशी ही धून आहे.

परंतु तिसऱ्या चरणाच्या शेवटी, बाराव्या बारमध्ये, ही चौकट मोडते. येथे विसावा देणारा लांब स्वर नाही. चरणाचा शेवटचा स्वर तिसऱ्या ठोक्यावर, खाली खोल, एका ठोक्यापुरता येतो आणि लगेच चौथ्या, म्हणजे सर्वांत दुर्बळ ठोक्यावर, चौथ्या चरणाचा पहिला स्वर सुरू होतो. तो दंडरेषेपलीकडे धरून ठेवलेला आहे. तेराव्या बारच्या सबल ठोक्यावर नवा स्वर पडतच नाही. तो आधीच आलेला असतो.

शिलरच्या कवितेचे शब्द जेव्हा या धुनीवर येतात तेव्हा या एका ठोक्याच्या घाईचा अर्थ उलगडतो. तिसऱ्या चरणाच्या अखेरीस रूढीने केलेल्या विभागणीचा उल्लेख आहे आणि चौथ्या चरणात सर्व माणसांच्या बंधुत्वाची कल्पना येते. जो स्वर आपल्या वेळेआधी येऊन दंडरेषा ओलांडतो त्यावर 'सर्व' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे पहिले अक्षर आहे. विभागणीचा शब्द संपताच त्याला विश्रांती न देता 'सर्व' हा शब्द विभागणी दाखविणारी रेषाच ओलांडून जातो. बीथोव्हेनच्या मनात नेमके हेच होते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे, कारण शब्द येण्यापूर्वीच, वाद्यांच्या पहिल्या आवृत्तीतही, ही घाई आहे. पण शब्द आल्यावर ती नुसती लयीची गंमत राहत नाही, हे मान्य करावे लागेल.

आता या ठोक्याचे पुढे काय झाले ते पाहावे. ही धून इंग्रजी स्तोत्रगीतांत घेतली गेली आणि स्तोत्रपुस्तकांच्या अनेक आवृत्त्यांत, तसेच पियानो शिकणाऱ्या मुलांसाठीच्या पुस्तकांत, हा आगाऊ येणारा स्वर 'सरळ' करण्यात आला. तिसऱ्या चरणाच्या शेवटी लांब स्वर टाकला गेला आणि चौथा चरण शिस्तीने तेराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सुरू झाला. काही स्तोत्रपुस्तकांनी मूळ रूप पुन्हा स्वीकारले, ही समाधानाची बाब आहे. मंडळीला एकत्र गाताना सोपे जावे हा सरळ करण्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे. तरीही घडले ते असे : चार ठोक्यांच्या सामान्य अपेक्षेने रचनेचे संपादन केले आणि नेमकी तीच जागा पुसली जिच्यासाठी ती अपेक्षा उभी केली होती. पहिले अकरा बार इतके सरळ आहेत ते बाराव्या बारसाठी. बारावा बार सरळ केला की उरते ती केवळ पाठ करायला सोपी धून.

५. आठांची दुसरी वाटणी : बार्टोक

चारचे सामान्यत्व सवयीचे आहे, हे युरोपातूनच दाखविता येते. बेला बार्टोकच्या 'मिक्रोकॉस्मोस' या पियानोरचनांच्या संग्रहाच्या सहाव्या खंडाचा शेवट 'बल्गेरियन लयीतील सहा नृत्यां'नी होतो. त्यांपैकी शेवटच्या, १५३ क्रमांकाच्या, नृत्याचे कालचिन्ह आठांशांत लिहिलेले असून वर ३+३+२ अशी बेरीज आहे. एकूण आठ. ४/४ च्या बारमध्येही आठांशांचे स्वर आठच बसतात. कागदावरची लांबी तीच. पण एकाची वाटणी २+२+२+२ अशी सम आणि दुसऱ्याची विषम. पहिल्यात चार सारखे ठोके आहेत, दुसऱ्यात दोन लांब आणि एक आखूड असे तीनच. आकड्यांची बेरीज सारखी असूनही पाय निराळे पडतात.

चारची सवय किती लवकर लागते, याविषयी मानसशास्त्रातील एक संशोधन बोलके आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उत्तर अमेरिकेतील प्रौढांना साध्या लयींतील बिघाड ओळखता आला, पण बाल्कन प्रदेशातील विषम लयींतील बिघाड ओळखणे जड गेले. बल्गेरिया व मॅसिडोनियाकडील प्रौढांना दोन्ही जमले. सहा महिन्यांच्या अमेरिकी बालकांनाही दोन्ही प्रकारांत फरक जाणवला. बारा महिन्यांच्या बालकांत मात्र परिचित लयीकडे कल दिसू लागला होता. म्हणजे विषम लय कानाला स्वभावतः परकी नसते. माणूस दोन पायांनी चालतो म्हणून दोन आणि चार हेच नैसर्गिक, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. परंतु दोन पायांची माणसे सर्वत्र आहेत आणि बल्गेरियातील माणसे त्याच दोन पायांनी सातवर नाचतात.

६. आज्ञाधारकता की भागीदारी : लोकप्रिय संगीत

चारवर सर्वांत कठोर टीका झाली ती लोकप्रिय संगीताच्या संदर्भात. थिओडोर ॲडोर्नोने १९४१ मध्ये लोकप्रिय संगीतावर लिहिलेल्या निबंधात त्याच्या साचेबद्धतेवर बोट ठेवले आणि अखंड चालणाऱ्या ठोक्याला शरण जाणाऱ्या श्रोत्याला 'लयीचा आज्ञाधारक' असा एक प्रकार म्हणून वेगळे काढले. समान ठोक्यांवर पावले टाकणारा जमाव त्याला राजकीयदृष्ट्या धोक्याचा वाटला. नाझी जर्मनीतून निर्वासित झालेल्या विचारवंताची ही भीती निराधार म्हणता येत नाही.

परंतु ॲडोर्नोचा रोख आकड्यावर राहिला, आकड्याच्या वापरावर नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकारांनी हेच चार ठोके घेऊन त्यांची उतरंड उलटी केली. ऱ्हिदम अँड ब्लूज आणि रॉक अँड रोलमध्ये स्नेअर ड्रमचा आघात दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर पडतो. पाठ्यपुस्तकाने ज्यांना दुर्बल म्हटले तेच येथे बोलतात. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात वॉल्टर पेजचा डबल बास चारही ठोके जवळपास सारख्या वजनाने चालवीत असे, त्यामुळे वरच्या वाद्यांना पुढेमागे सरकण्याची मोकळीक मिळे. जेम्स ब्राऊनने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पुन्हा पहिल्या ठोक्यावर जोर दिला, पण तो लष्करी संचलनातला पहिला ठोका नव्हता. प्रत्येक वादकाने आपल्या वाटेने फिरून येऊन भेटायची ती जागा होती. १९७० च्या दशकातील डिस्कोने चारही ठोक्यांवर बास ड्रम ठेवला. ही सगळी उदाहरणे ४/४ मधलीच आहेत आणि तरी त्यांतील शरीराचे वर्तन चार तऱ्हांचे आहे.

खरा धोका दुसरीकडे आहे. १९८० मध्ये बाजारात आलेल्या रोलंड टीआर-८०८ या ड्रमयंत्रावर सोळा बटणांची ओळ होती : चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग. आज संगीतनिर्मितीची बहुतेक संगणकप्रणाली उघडली की ४/४ आधीच भरलेले असते. रचनाकाराने चारची निवड केलेली नसते. त्याने ती बदललेली नसते, एवढेच. चिन्ह जेव्हा निर्णय राहत नाही तेव्हा त्याच्याशी झगडण्याचे कारणही उरत नाही. याच यंत्रांवर काम करणाऱ्या जे डिला या निर्मात्याने (मृत्यू २००६) ठोके आपोआप जागेवर बसविणारी सोय वापरण्याचे टाळून ते किंचित पुढेमागे ठेवले, आणि चौकटीच्या आतही निर्णयाला जागा असते हे सिद्ध केले.

७. मराठी परिभाषेचा प्रश्न

मराठी अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांत स्टाफ नोटेशन शिकलेले सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वादक व संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले आणि कालचिन्हे असलेले कागद तबला-ढोलक यांच्या शेजारी नांदू लागले. त्या व्यवहारात चार-चारला केरवा किंवा त्रिताल म्हणून ओळखणे सोयीचे होते. वादकाला सोयीचे असलेले हे समीकरण समीक्षेने मात्र जसेच्या तसे उचलू नये.

त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार विभागांत असतात. पहिल्या मात्रेवर सम आणि नवव्या मात्रेवर काल. येथे तीन भेद लक्षात घ्यावे लागतात. एक, तालाला ठेका असतो. ठरलेल्या बोलांवरून तो ओळखता येतो. ४/४ ला स्वतःचा ठेका नाही. बाखचा प्रिल्यूड आणि डिस्को यांत समान असा एकही आघात सापडणार नाही. दोन, कालाची जागा ही तालातील एक रचलेली अनुपस्थिती आहे, तर पाश्चात्त्य दुर्बल ठोका केवळ कमी वजनाचा असतो. तीन, सम ही पोहोचण्याची जागा आहे. तिहाई तिच्याकडे झेपावते. बारचा पहिला ठोका प्रामुख्याने निघण्याची जागा आहे आणि तो दर चार ठोक्यांनी येतो. त्याहून मोठी आवर्तने चिन्हात लिहिलेलीच नसतात, ती चरणांतून ओळखावी लागतात. म्हणून 'बार'ला 'आवर्तन' आणि 'टाइम सिग्नेचर'ला 'ताल' म्हणणे टाळावे. 'बार' आणि 'ठोका' हे रुळलेले शब्द पुरेसे आहेत.

'कॉमन टाइम'चे भाषांतर 'सामान्य काल' असे केले की क्षुल्लकतेची छटा येते. इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ 'सामाईक' असा आहे. सामाईक गोष्ट कोणा एकाची नसते. ती अनेकांच्या वापरात असते आणि वापरणाऱ्यावर तिची जबाबदारी असते. या चिन्हाच्या इतिहासाला हा अर्थ अधिक न्याय देतो.

८. समारोप

तालाच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्याला मात्रा मोजण्याची सवय असते, पण केवळ मोजण्याने गाणे कळत नाही हेही त्याला ठाऊक असते. हीच दृष्टी ४/४ कडे वळविली तर पाश्चात्त्य संगीताच्या मराठी समीक्षेला विचारता येतील असे प्रश्न उरतात : पहिला ठोका येथे कशाने घडविला आहे? दुर्बल ठोक्यावर काय ठेवले आहे? दंडरेषा कोठे पाळली आणि कोठे ओलांडली? आणि कोणी संपादकाने, शिक्षकाने किंवा यंत्राने ती पुन्हा सरळ तर केलेली नाही ना? आनंदगीताच्या बाराव्या बारमधला एक ठोका पुष्कळ छापील आवृत्त्यांतून नाहीसा झाला आणि गाणाऱ्यांना त्याची उणीव भासली नाही. उणीव न भासणे हाच सामान्यत्वाचा परिणाम असतो, आणि ती भासवून देणे हे समीक्षेचे काम आहे.